कमोडोर ६४ वर चेकबुकाचा हिशेब बसवताना

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत घरगुती कॉम्प्युटर विकताना गेम आणि मुलांच्या अभ्यासासोबत आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जायची: ह्याच्यावर चेकबुकाचा हिशेब ठेवता येतो. काँटिनेंटल सॉफ्टवेअरचं ‘होम अकाउंटंट’ अनेक यंत्रांवर चालायचं, १९८४ मध्ये इंट्युइटचं ‘क्विकन’ आलं, आणि पुष्कळ लोकांनी बेसिक ह्या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःपुरता प्रोग्राम लिहून घेतला. जुन्या यंत्रांची आवड नव्याने लागलेल्यांसाठी हा तिसरा मार्ग सगळ्यात चांगला, असं माझं मत आहे. तयार प्रोग्राममध्ये बटणं दाबायला शिकाल. स्वतः बसवाल तर यंत्र कळेल आणि हिशेबही.

यंत्र म्हणून कमोडोर ६४ घेऊ. १९८२ साली ५९५ डॉलरला बाजारात आलेलं, ६४ किलोबाइट मेमरीचं, आणि आजही सहज हाताशी येणारं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. आपल्याकडे बचत खात्याला पासबुक असतं आणि ते बँक भरून देते. अमेरिकेतल्या चेकिंग खात्याला पासबुक नसायचं. चेकबुकाबरोबर एक छोटं कोरं रजिस्टर यायचं. दिलेला प्रत्येक चेक आणि भरलेली प्रत्येक रक्कम खातेदाराने स्वतः त्यात लिहायची आणि शिल्लक काढत जायची. महिन्याला बँकेचं स्टेटमेंट टपालाने यायचं, सोबत वटलेले चेक परत. मग रजिस्टर आणि स्टेटमेंट समोरासमोर ठेवून मेळ घालायचा. अकरावी-बारावी कॉमर्सला ज्यांनी बँक जुळवणी पत्रक घोटलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तेच घरच्या टेबलावर, दर महिन्याला.

रोजची एक नोंद करायला पेन्सिलच जलद. यंत्र चालू करा, डिस्क घाला, प्रोग्राम चढण्याची वाट बघा, एवढ्यात रजिस्टरमध्ये चार ओळी लिहून होतात. कॉम्प्युटरचा फायदा दिसतो तो महिन्याच्या जुळवणीला आणि वर्षाच्या शेवटी खर्चाची वर्गवारी करताना. त्यामुळे नोंदी रजिस्टरमध्येच करा आणि आठवड्यातून एकदा बसून यंत्रात चढवा.

यंत्र आणि डिस्क

खरं यंत्र नसेल तर ‘व्हाइस’ हा मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या. त्यातला एक्स६४एससी हा प्रोग्राम म्हणजे कमोडोर ६४. सेटिंगमध्ये कीबोर्ड ‘सिम्बॉलिक’ ठेवा, म्हणजे अवतरणचिन्ह तुमच्या कीबोर्डवर जिथे आहे तिथेच मिळेल. अस्सल मांडणीत ते २ च्या कळीवर आहे आणि नवखा माणूस पहिली दहा मिनिटं तेच शोधत बसतो.

कुणाच्या काकांकडून अमेरिकेहून आलेलं खरं यंत्र असेल तर दोन गोष्टी सांभाळा. त्याचा अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात थेट लावलात तर संपलंच. दुसरं, हा जुना अडॅप्टर खराब होताना ५ व्होल्टऐवजी जास्त दाब सोडू लागतो आणि मेमरीच्या चिप जाळतो. मीटरने मोजल्याशिवाय जोडू नका, आणि जमल्यास नव्याने बनवलेला अडॅप्टरच वापरा.

चालू केल्यावर निळ्या पडद्यावर ३८९११ बेसिक बाइट मोकळ्या असल्याची ओळ आणि खाली ‘रेडी’ दिसलं की यंत्र तयार. १५४१ हा डिस्क ड्राइव्ह म्हणजे ८ नंबरचं उपकरण. ड्राइव्हची वीज चालू-बंद करताना आत डिस्क ठेवू नका.

आता दोन डिस्क लागतील. एक प्रोग्रामची, एक हिशेबाची. एकाच डिस्कवर दोन्ही मावतात, पण हिशेबाची डिस्क सारखी लिहिली जाते आणि बिघडायची झाली तर तीच बिघडते. व्हाइसमध्ये दोन कोऱ्या डी६४ प्रतिमा, म्हणजे डिस्कच्या जागी चालणाऱ्या फाइली, तयार करा. प्रत्येक फाइल १,७४,८४८ बाइटची असते. खऱ्या यंत्रावर कोरी डिस्क आधी फॉरमॅट करावी लागते. खालच्या आज्ञा मी नागरीत लिहितोय. यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, बाकी चिन्हं जशीच्या तशी:

ओपन १५,८,१५,"एन०:हिशेब,०१":क्लोज १५

मिनिटभराहून जास्त वेळ लागेल आणि सुरुवातीला ड्राइव्ह खडखडेल. तो आवाज नेहमीचाच आहे, घाबरू नका. नंतर यादी पाहायला लोड "$",८ आणि मग लिस्ट. ६६४ ब्लॉक मोकळे दिसले की झालं. मात्र यादी मागवली की मेमरीतला प्रोग्राम पुसला जातो. म्हणून टाइप केलेलं आधी सेव्ह, मग यादी.

ड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकू लागला तर काहीतरी चुकलंय. काय, ते विचारायला हा चिमुकला प्रोग्राम; इनपुट# थेट पडद्यावर चालत नाही, म्हणून ओळींना नंबर हवेतच:

१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए;बी$
४० क्लोज १५

० आलं तर सगळं ठीक. २६ म्हणजे डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी आहे, लिहिता येत नाही. ६२ म्हणजे त्या नावाची फाइल नाही, ६३ म्हणजे आधीच आहे, ७२ म्हणजे डिस्क भरली, ७४ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही. हा तुकडा तुमच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये सबरुटीन (कुठूनही बोलावता येणारा तुकडा) म्हणून ठेवा आणि फाइल उघडल्यावर दर वेळी तिथे जाऊन या.

नोंदीचा आराखडा

प्रत्येक व्यवहाराला सहा गोष्टी पुरतात: चेकचा नंबर, तारीख, कुणाला, रक्कम, खर्चाचा प्रकार आणि वटला की नाही याची खूण. पैसे भरले असतील तर चेक नंबर ०. चेकची रक्कम उणे, भरण्याची अधिक. दोन वेगळे रकाने करू नका, बेरीज एकाच फेऱ्यात होते.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकडी ठेवा. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, आपण दिवस आधी; पण १५ मार्च १९८४ ला ८४०३१५ असं साठवलं की साध्या लहान-मोठ्या तुलनेने क्रम लागतो.

मेमरीचं गणित करून बघा. तारीख आणि रक्कम प्रत्येकी ५ बाइट. चेक नंबर, प्रकार आणि खूण हे टक्क्याचं चिन्ह लावलेल्या पूर्णांक रांगांत (ॲरेत), प्रत्येकी २ बाइट. नावाला ३ बाइटचा पत्ता आणि कमाल २० अक्षरं. एकूण ३९ बाइट. ४०० नोंदींना १५,६०० बाइट लागतात. ३८,९११ मधून ते गेले तरी प्रोग्रामला ऐसपैस जागा उरते, आणि साध्या घराला वर्षाला ४०० नोंदी पुष्कळ झाल्या. नावं फार साठली की मधूनच यंत्र काही सेकंद गोठल्यासारखं वाटेल. बेसिक जुन्या शब्दांचा कचरा झाडत असतं, तेवढं थांबा.

व्हेरिएबलला, म्हणजे आकडा किंवा शब्द ठेवायच्या डब्याला, नाव देताना मात्र हे बेसिक छळतं. व्हेरिएबलच्या नावातली पहिली दोनच अक्षरं ते बघतं. ‘बॅलन्स’ आणि ‘बँक’ ह्या दोन्हींची इंग्रजी सुरुवात बी-ए. म्हणजे यंत्राच्या लेखी एकच डबा. शिवाय नावाच्या पोटात बेसिकचा एखादा राखीव शब्द आला की सिंटॅक्स एरर. ‘टोटल’मध्ये टू आहे, ‘डिपॉझिट’मध्ये पॉस, ‘बजेट’मध्ये गेट, ‘इंटरेस्ट’मध्ये इंट. हिशेबात ज्यांच्यावाचून चालत नाही ते चारही शब्द बाद! तेव्हा दोन अक्षरी नावं ठेवा आणि कोणतं नाव कशासाठी ते वहीत लिहा.

रक्कम सेंटमध्येच ठेवा

ह्या एका गोष्टीवर बरेच घरगुती प्रोग्राम आपटतात. २३.९५ डॉलर ही रक्कम दशांशात साठवली तर यंत्र ती द्विमान पद्धतीत जवळपास तेवढी साठवतं, तंतोतंत नाही. शे-दीडशे नोंदींची बेरीज झाल्यावर कुठेतरी एक सेंट कमी-जास्त दिसू लागतो आणि तो कुठून आला ते शोधूनही सापडत नाही. म्हणून रक्कम आत घेतानाच सेंटमध्ये बदला: इंट(ए*१००+.५). तो .५ विसरू नका. इंट नेहमी खालच्या पूर्णांकावर उतरतो, त्यामुळे.५ शिवाय कधीकधी सेंट हरवतो.

आता २३९५ हा पूर्णांक आहे म्हणून तो टक्क्याच्या चिन्हाच्या पूर्णांक व्हेरिएबलमध्ये ठेवावा, असं वाटेल. ठेवू नका. त्याची मर्यादा ३२,७६७, म्हणजे ३२७ डॉलर ६७ सेंट. घरभाड्याच्या चेकलाच घोडं अडेल. साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला पूर्णांक ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत अचूक राहतो. डॉलरमध्ये चार कोटींहून जास्त. तेवढे पैसे असलेला माणूस कमोडोरवर हिशेब करत बसणार नाही.

दाखवताना उलट करायचं: आधी एबीएसने चिन्ह काढा, १०० ने भागून इंट घ्या, उरलेले सेंट दोन आकडी करा, शेवटी उणे चिन्ह परत लावा. चिन्ह आधी काढलं नाही तर इंट उणे आकड्याला आणखी खाली ओढतो आणि दीड डॉलरचा चेक पडद्यावर दोन डॉलर दिसतो.

टाइप करून घेताना

साधा इनपुट वापरणार असाल तर त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. स्वल्पविराम आला की तो पुढचं सोडून देतो. ‘सीअर्स, रोबक’ असं दुकानाचं नाव टाइप केलंत तर ‘सीअर्स’ राहील आणि पडद्यावर एक्स्ट्रा इग्नोर्ड. कोलनचंही तसंच. दुसरी खोड जास्त घातक: काही न लिहिता रिटर्न दाबलं तर व्हेरिएबलमध्ये आधीचीच किंमत राहते. म्हणजे मागच्या चेकचं नाव गुपचूप ह्या चेकला चिकटतं. प्रत्येक इनपुटच्या आधी व्हेरिएबल रिकामा करा, आणि नोंद पक्की करण्याआधी पूर्ण ओळ दाखवून होय-नाही विचारा.

मेनू छोटा ठेवा. नवी नोंद, यादी, वटलेल्या चेकवर खूण, जुळवणी, सेव्ह, बाहेर. ‘बाहेर’ निवडल्यावर सेव्ह केलंय का ते विचारायला लावा.

रद्द केलेला चेकसुद्धा नोंदवा, रक्कम ०. नंबरांच्या रांगेत भोक राहिलं की पुढच्या महिन्यात तो चेक हरवला, फाडला की कुणाला दिला, यावर घरात चर्चा सुरू होते.

फाइल लिहिणं

सगळ्या नोंदी मेमरीत ठेवायच्या आणि शेवटी एका सिक्वेन्शियल (पहिल्यापासून क्रमाने लिहायच्या-वाचायच्या) फाइलमध्ये उतरवायच्या. पहिल्या ओळीत नोंदींची संख्या लिहा, म्हणजे वाचताना किती फेरे मारायचे ते आधीच कळतं. त्यापुढे प्रत्येक गोष्ट स्वतंत्र प्रिंट# ने. प्रिंटसाठी प्रश्नचिन्हाचा शॉर्टकट सगळेच वापरतात, पण प्रश्नचिन्ह आणि # मिळून प्रिंट# होत नाही. लिस्टमध्ये अगदी बरोबर दिसतं आणि चालवलं की एरर. पूर्ण शब्द टाइप करा.

नाव रिकामं असेल तर फाइलमध्ये डॅश लिहा. इनपुट# रिकामी ओळ ओलांडून पुढची उचलतो आणि तिथून पुढे सगळे रकाने एकेक घर सरकतात. रकमेच्या जागी नाव आलं की फाइल डेटा एरर.

जुनी फाइल नव्याने लिहायला कमोडोरमध्ये नावाआधी @ लावायची सोय आहे. १५४१ वर ती वापरू नका. तिच्यात दोष आहे आणि कधीतरी ती दुसऱ्याच फाइलवर लिहून मोकळी होते. त्याऐवजी तीन नावं ठेवा. आधी ‘नवी’ नावाने पूर्ण फाइल लिहा. वरच्या चिमुकल्या प्रोग्रामने १५ नंबरच्या एरर चॅनलवर ० आला की त्याच १५ वरून आज्ञा देऊन ‘जुनी’ पुसा, ‘चालू’ला ‘जुनी’ करा आणि ‘नवी’ला ‘चालू’:

प्रिंट#१५,"एस०:जुनी"
प्रिंट#१५,"आर०:जुनी=चालू"
प्रिंट#१५,"आर०:चालू=नवी"

नाव बदलताना नवं नाव डावीकडे असतं, हे लक्षात ठेवा. अशाने मध्येच वीज गेली तरी आदल्या वेळचा हिशेब हातात राहतो.

फाइल बंद करताना डेटाची फाइल आधी आणि १५ नंबर सगळ्यात शेवटी. १५ आधी बंद केलंत तर ड्राइव्ह आपल्या बाजूने बाकीच्या फाइलीही बंद करतो आणि पुढचं लिहिणं कुठेच जात नाही. यादीत एखाद्या फाइलच्या प्रकाराआधी तारा दिसला तर ती नीट बंद झालेली नाही. ती स्क्रॅचने, म्हणजे वरच्या "एस०" आज्ञेने, पुसू नका. "व्ही०" ही आज्ञा देऊन डिस्क साफ करून घ्या.

सेव्ह झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर तीच फाइल पुन्हा लिहा. व्हाइसवाल्यांनी डी६४ फाइलची नुसती कॉपी काढली तरी पुरे.

पहिली शिल्लक

प्रोग्राम चालू लागला की सगळे घाईने आजची शिल्लक टाकून मोकळे होतात. आणि महिनाअखेर मेळ काही बसत नाही. कारण रजिस्टरमधली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक ह्या एकाच दिवशीही वेगळ्या असतात. दिलेले पण अजून न वटलेले चेक मध्ये लटकलेले असतात.

योग्य रीत अशी. शेवटचं स्टेटमेंट घ्या. त्यावरची अखेरची शिल्लक हीच तुमची आरंभीची शिल्लक; समजा ६१२.४० डॉलर. ती वटल्याची खूण करून पहिली नोंद म्हणून टाका. मग रजिस्टरमधून त्या स्टेटमेंटमध्ये न आलेले चेक शोधा, मागच्या दोन-तीन महिन्यांतलेही. समजा २३१ नंबरचा ४५.००, २३४ चा ११८.७५ आणि २३५ चा २२.१०. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद, खूण न करता. भरलेले ३०० डॉलर स्टेटमेंटनंतरचे असतील तर तेही. आता प्रोग्रामने ७२६.५५ दाखवायला हवेत. रजिस्टरमध्येही तोच आकडा असेल तर पुढे जा. नसेल तर चूक रजिस्टरमध्ये आहे, आणि ती आत्ताच सापडलेली बरी. हे होईपर्यंत नवी एकही नोंद टाकू नका.

महिन्याची जुळवणी

स्टेटमेंटच्या पाकिटातले वटलेले चेक नंबरवार लावा. प्रत्येक चेक हातात घेऊन प्रोग्राममध्ये त्या नंबरवर खूण करा. बघायचं चेकच्या उजव्या कोपऱ्यात अगदी खाली: पैसे जमा करून घेणाऱ्या बँकेने तिथे चुंबकीय शाईत रक्कम छापलेली असते. आकड्यांची ती विचित्र घडण आपल्या भारतीय चेकच्या खालच्या पट्टीतही असते. बँकेने पैसे कापलेत ते ह्या छापील आकड्याप्रमाणे, तुमच्या हस्ताक्षराप्रमाणे नाही. दोन्ही सारखे आहेत ना ते बघा.

मग स्टेटमेंटमधल्या ज्या ओळी तुमच्याकडे नाहीतच त्या टाका: बँकेचा सेवा आकार, छापील चेकबुकाचे पैसे, आणि एटीएममधून काढलेले. ही शेवटची नोंद सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण तिला चेकचा नंबर नसतो.

आता खूण असलेल्या सगळ्या रकमांची बेरीज स्टेटमेंटच्या अखेरच्या शिलकीइतकी यायला हवी. आली नाही तर फरकाचा आकडा बघा, पुष्कळदा तोच चूक दाखवतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद दिसते का? मग उणेची जागा अधिकने घेतलीय. फरक सेंटमध्ये ९ ने भागला जातो का? मग दोन आकडे उलटसुलट झालेत, ५४.३० चा चेक ४५.३० म्हणून टाकला तर फरक ९ डॉलर, म्हणजे ९०० सेंट. फरकाएवढीच एखादी नोंद असेल तर ती दोनदा पडली किंवा खूण राहिली. हे तिन्ही तपास प्रोग्रामकडूनच करून घ्या. दहा-बारा ओळींचं काम आहे, आणि यंत्राने खरे कष्ट वाचवले असं वाटेल ते इथेच.

वर्षाअखेर

खर्चाचे प्रकार मोजकेच ठेवा, आणि ते आयकराच्या हिशोबाने ठरवा. अमेरिकेत विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असे, आणि वजावटी मागणाऱ्याला औषधोपचार, देणग्या, घरकर्जाचं व्याज, राज्याचा कर हे वेगळे दाखवावे लागत. १९८६ च्या करसुधारणेआधी क्रेडिट कार्डाचं व्याजसुद्धा वजा होई. जुन्या काळाचा हिशेब हुबेहूब उभा करायचा असेल तर त्याचाही प्रकार ठेवा. किराणा आणि कपडे वेगळे काढायची हौस दोन महिन्यांत फिटते.

प्रिंटर असेल तर तो ४ नंबरचं उपकरण. ओपन ४,४ करून यादी प्रिंट#४ ने पाठवा आणि शेवटी क्लोज ४. व्हाइसमध्ये हेच छापणं मजकुराच्या फाइलमध्ये वळवता येतं.

जानेवारीत नवी फाइल सुरू करा. डिसेंबरच्या स्टेटमेंटवरची शिल्लक पहिल्या ओळीत घाला, न वटलेले चेक एकेक करून पुढे आणा. जुन्या वर्षाच्या डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी लावा आणि वर साल लिहा, फक्त लेबल चिकटवण्याआधी. चिकटवलेल्या लेबलवर बॉलपेनने दाबून लिहिलं तर खालची डिस्क खराब होते.